मुंगीचा आवाज

लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटलं, माझ्याशी कुणी बोलत नाही. मग लक्षात आलं, इथे कुणीच कुणाशी बोलत नाही. म्हणजे बोलतात सगळे, अगदी भरभरून बोलतात, फक्त आवाज काढत नाहीत.

माझं सासर मागवाल्यांचं. सासूबाईंनी बत्तीस वर्षं कापडाच्या कारखान्यात माग चालवले. थोरले भाऊजी आणि त्यांची बायको, म्हणजे माझी जाऊ, अजून चालवतात. माझा नवरा तिथेच बिघडलेले माग दुरुस्त करतो. शेडमध्ये दीडशे माग एकदम खडखडत असतात. तिथे घसा फाडून ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही, म्हणून तिथली माणसं ओठांनी बोलतात. शब्द तोंडात नीट मोठा घडवायचा, जोडीला एखादं बोट, एखादी भुवई, की झालं काम. वीस माग सोडून पलीकडे उभ्या असलेल्या बाईला माझी जाऊ कालच्या भांडणाची साद्यंत हकीकत सांगू शकते. सुट्टी झाली की हीच बोली घेऊन ही मंडळी घरी येतात, कारण तोवर निम्मे कान कारखान्यातच राहिलेले असतात.

भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्या घरात फक्त भिंतींनाच होते.

आणि अशा घरात सून म्हणून कोण आली, तर मी. बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणारी. फलाट क्रमांक अमुक, सुटण्याची वेळ तमुक, प्रवाशांनी आपल्या सामानाकडे लक्ष द्यावं. माझ्या आवाजावर माझं पोट आहे. घरीसुद्धा तो खाली उतरत नाही. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी माझं नाव 'भोंगा' ठेवलं. तेही माझ्यासमोर, बिनआवाजाने, मला कळत नाही म्हणून खुशाल. सगळे हसले तशी मीही हसले. नवऱ्याने पुढे महिनाभराने खरं सांगितलं, तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी खऱ्याखुऱ्या अर्थाने बोलले नाही. त्याला ते कळलंच नाही, हा भाग वेगळा.

घरातलं लाडकं माणूस म्हणजे मुंगी, भाऊजींची मुलगी. साडेतीन वर्षांची, किडकिडीत, सतत काहीतरी इकडून तिकडे वाहून नेणारी. तिला सगळे मुंगी म्हणत आणि तिचं सगळ्यांना कौतुक. कारण ही पोर शेडमध्ये पाऊल न टाकता मागवाल्यांसारखी बोलायची. ओठ हलवायची, बोटं नाचवायची, भुवया उडवायची, आणि मला तरी घशातून हूं की चूं ऐकू येत नसे. आजीशी तिच्या तासन्‌तास गप्पा चालत. सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "शिकवावं लागलं नाही हो. पोटातूनच शिकून आली."

मला मात्र तिचं एक अक्षर कळत नसे. ती काही सांगायला यायची, मी "काय गं? मोठ्याने बोल की" म्हणायची, ती पुन्हा ओठ हलवायची, मी पुन्हा "काय?" मग ती वैतागून माझी हनुवटी धरायची आणि अगदी नाकाला नाक लावून सावकाश तेच सांगायची, एखाद्या मठ्ठ मुलाला समजावतात तसं. सासूबाई हसून लोटपोट. "अगं, तुझेच कान तपासून घे!"

नवीन माणूस म्हणून मी काही दिवस गप्प बसले. पण मनात पाल चुकचुकत होतीच. या घरात कुणी कुणाला हाक मारत नाही. कुणाला बोलवायचं तर लाकडी जमिनीवर टाच आपटायची, नाहीतर दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायचं. पाठमोऱ्या माणसाशी बोलणं म्हणजे तर उद्धटपणाच. दुसऱ्या कुठल्याही घरात मूल हाकेला वळलं नाही तर आई घाबरी होईल. इथे हाक मारतंय कोण?

मग एका शनिवारी सासूबाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या आणि मुंगीला मी कामावर घेऊन गेले. माझ्या केबिनला मोठी काच आहे. काचेसमोरच्या बाकावर तिला बसवलं, हातात बिस्किटाचा पुडा दिला. बाक नेमका मोठ्या कर्ण्याखाली. त्या बाकावर रोजचे प्रवासी बसतच नाहीत, घोषणा झाली की दचकून चहा सांडतो म्हणून. मी सव्वादहाची गाडी पुकारली. पत्र्यावरची कबुतरं उडाली, एक म्हातारा कानावर हात ठेवून उठला. मुंगी बिस्किटाची कड कुरतडत बसली होती.

मी दुसरी गाडी पुकारली. मुंगी बिस्किट बघत होती.

मग मी जे केलं ते नियमात बसत नाही. माईक तोंडाजवळ घेतला आणि म्हटलं, "मुंगी, वर बघ. मुंगी, काकूकडे बघ." सगळं स्थानक वर बघायला लागलं. चालक, वाहक, हमाल, झाडूवाल्या बाई, सगळे. माझे साहेब चौकशी खिडकीतून बाहेर आले. तीनशे माणसांनी माना वर केल्या आणि जिच्यासाठी ओरडले ती एकटी खाली बघत कपड्यावरचे कण टिपून खात होती.

आवाजाचा मला गर्व होता, खोटं कशाला सांगू. त्या क्षणी तो पार उतरला. साहेब काय बोलले ते मला आठवत नाही, बरंच बोलले असावेत.

संध्याकाळी घरी सांगितलं आणि आगीत तेल पडलं. घरात पहिल्यांदाच आवाज चढले. सासूबाई आवाजाने बोलतात तेव्हा शेडमधल्यासारख्याच बोलतात. "आमच्या घरात येऊन सहा महिने झाले नाहीत आणि आमचीच पोर बहिरी ठरवायला निघाली! तुला तिचं कळत नाही म्हणून ती बहिरी?" त्यांनी मुंगीला समोर उभं केलं आणि ओठांनी विचारलं, आज काय काय खाल्लं? मुंगीने बोटांवर मोजून सांगितलं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "बघ. तीन बिस्किटं, अर्धं केळं. आणि तू चहा घेतलास, तिला दिला नाहीस."

तेही खरं होतं. मी म्हटलं, "आई, तिला पाठमोरी करून विचारा."

"आम्ही माणसांशी तोंड बघून बोलतो," त्या म्हणाल्या आणि विषय संपला. भाऊजी मान खाली घालून बसले होते. माझा नवरा दोन्हीकडे होकार देत होता, जे तो उत्तम करतो.

जाऊ मात्र एक शब्द बोलली नाही. ना ओठांनी, ना आवाजाने.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर आम्ही दोघी चादरी वाळत घालत होतो. चादरीचं दुसरं टोक धरून ती उभी राहिली आणि तिने चक्क आवाजात विचारलं, "तुला तिचा आवाज ऐकू येतो का गं?"

"कुणाचा?"

"मुंगीचा. बोलते तेव्हा. कसा आहे?"

मला आधी कळेना. मी म्हटलं, "ताई, ती आवाज काढतच नाही. नुसते ओठ हलवते. तुम्हाला माहीत आहे की."

तिच्या हातातून चादर सुटली. "मला वाटायचं, येत असेल," ती म्हणाली. "माझे कान गेलेत, बारीक आवाज मला ऐकूच येत नाहीत. रडते ते येतं ऐकू. मला वाटायचं बोलते तेही येत असेल, सगळ्यांना येत असेल, फक्त मलाच नाही. कुणाला विचारायचं कसं? आई असून पोरीचा आवाज माहीत नाही असं कुठल्या तोंडाने विचारू?"

ती खाली बसली आणि रडली. मीही रडले, आणि मी रडले की चार घरांना कळतं.

पुढची गंमत रात्री जेवताना कळली, गंमत म्हणायची तर. जाऊने भाऊजींना तोच प्रश्न विचारला. भाऊजी घास हातात धरून म्हणाले, "मला वाटायचं तुला ऐकू येतो." माझा नवरा म्हणाला, "मला वाटायचं दादाला येतो." सासूबाईंकडे सगळ्यांनी पाहिलं तर त्या ताटाकडे बघत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. साडेतीन वर्षं घरातला प्रत्येक जण आपल्या कानांची लाज झाकत बसला होता आणि त्या लाजेमागे एक अख्खी मुलगी झाकली गेली होती.

त्याच आठवड्यात आम्ही तिला घेऊन कान तपासणाऱ्या बाईंकडे गेलो. सासूबाईही आल्या, "बघूच काय म्हणतात" म्हणत. तपासणीची खोली म्हणजे जाड गाद्या लावलेल्या भिंती आणि मध्ये एक काच. मुंगीच्या कानांवर मोठे हेडफोन, पुढ्यात लाल मणी आणि एक डबा. आवाज ऐकू आला की मणी डब्यात टाकायचा. जाऊने तिला ओठांनी समजावलं. काचेपलीकडे बाईंनी बटण दाबायला सुरुवात केली.

टप्. टप्. टप्. मुंगी मणी टाकत सुटली. एकही चुकेना. सासूबाईंचा आनंद चेहऱ्यावर मावेना. "बघितलंस?" त्यांनी मला कोपराने ढोसलं. आणि मी, जिने हे सगळं उकरून काढलं होतं, मीसुद्धा मनातून प्रार्थना करत होते की मीच खोटी ठरू दे.

बाई थांबल्या. त्यांनी मुंगीकडे पाहिलं, मग स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं. हसल्या. एक मोठा पुठ्ठा उचलला आणि आपलं तोंड, खांदा, हात, सगळं त्याच्याआड घेतलं.

मुंगीने एक मणी उचलला आणि कानाजवळ धरून वाट बघत बसली. मोठ्या डोळ्यांनी, शहाण्यासारखी. खूप वेळ बसली. पुठ्ठ्यामागे बाई काय काय वाजवत होत्या देव जाणे. शेवटी एकदा तिची मान किंचित हलली आणि मणी डब्यात पडला. बाहेर आल्यावर बाईंनी सांगितलं की तो आवाज शेजारून मालमोटार गेल्याएवढा होता.

सासूबाईंनी मला टेकवलेलं कोपर हळूच मागे घेतलं.

मग मुंगी दुपारी झोपलेली असताना कपाळाला आणि कानामागे चिकटपट्ट्या लावून आणखी एक तपासणी झाली. तिच्यात कुणाला फसवता येत नाही. आवाज मेंदूपर्यंत पोचतो की नाही ते यंत्रच लिहून देतं. दोन्ही कान, जन्मापासून, बरंच नुकसान. जन्मल्यावर दोन दिवसांत ही तपासणी करता येते म्हणे, पण जिथे ती जन्मली तिथे ते यंत्र नव्हतं. बाईंनी सांगितलं, दोन्ही कानांना यंत्रं लावू. सहा महिने बघू. फायदा झाला नाही तर शस्त्रक्रियेचा विचार करू. "पण वेळ घालवायचा नाही. आवाज ओळखायचं शिकायचं वय निसटून जातं."

"आमच्यामुळे उशीर झाला," भाऊजी म्हणाले.

"झाला," बाई म्हणाल्या. गोड बोलून वेळ मारून नेणाऱ्या त्या नव्हत्याच. "पण एक सांगू? या वयाची बहिरी मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्याकडे दहा-वीस शब्दही नसतात. हिच्याकडे सगळी भाषा आहे. हिला गोष्टी सांगता येतात, खोटं बोलता येतं, माझ्या खांद्यावरून माझी चोरी पकडता येते. ते तुमच्या घराने दिलं. आता फक्त त्याच्यावर आवाज चढवायचा आहे."

सासूबाईंनी हे ओठांवरून दोनदा वाचलं. बाईंना पुन्हा म्हणायला लावलं.

पुढे बाई म्हणाल्या, "मात्र बोलायला शिकवणाऱ्याला ऐकू यायला हवं. ती काय उच्चार करते ते तुम्हालाच कळलं नाही तर सुधारणार कोण? तुम्ही सगळे तपासून घ्या." जाऊ तिथल्या तिथे खुर्चीत बसली. तिच्या मागून भाऊजी. दोघांना महिन्याभरात यंत्रं लागली. शिवाय बाईंनी दम दिला, कारखान्यात कानात घालायला जे बोळे मिळतात ते खिशात नाही, कानात ठेवायचे. नवऱ्याचं अजून निभत होतं. त्याला बोळ्यांवर सोडलं.

सासूबाई उठल्या. "मला नको. बत्तीस वर्षं कारखान्याचं ऐकलं. आता कुणाचं ऐकायचं राहिलेलं नाही." त्यापुढे त्यांना कोण सांगणार? पालथ्या घड्यावर पाणी.

मुंगीला यंत्रं बसवली त्या दिवशी हसू-आसू असं काही झालं नाही. ती किंचाळली, यंत्रं ओढून काढली आणि टेबलाखाली जाऊन बसली. पहिला महिना आम्ही यंत्रं शोधण्यात घालवला. एकदा पिठाच्या डब्यात, एकदा भाऊजींच्या बुटात. तिला नळाची भीती वाटायची, कागद फाडला की ती रडायची, आणि माझी तर सर्वांत जास्त भीती वाटायची. जन्मात पहिल्यांदा मी हळू बोलायला शिकले. स्थानकावरच्या लोकांना वाटलं माझा घसा बसलाय.

रोज कामावरून आले की एक तास मी आणि मुंगी. तोंडापुढे कागद धरायचा, कागदाआडून शब्द म्हणायचा, तिने वस्तू उचलायची. चेंडू, चमचा, बूट. आधी नुसतं ऐकणं. मग तिचा हात माझ्या गळ्यावर, मग स्वतःच्या गळ्यावर. बोलायचा आवाज कुठून काढतात तेच तिला माहीत नव्हतं. पहिला निघाला तो बिजागरी कुरकुरावी तसा, आणि ती स्वतःच घाबरून मागे बघायला लागली. जाऊ शेजारी बसून बघायची आणि संध्याकाळी मला हळूच विचारायची, "येईल ना गं?" मी म्हणायची, "येईल." मला काय माहीत होतं? पण आवाज ठाम ठेवणं हा तर माझा धंदाच आहे.

पाच महिने झाले. कुरकुर, हुंकार, एकदा 'आ', एकदा 'बा'. शब्द नाही. सहा महिन्यांची मुदत संपत आली होती आणि घरात शस्त्रक्रियेची कुजबुज सुरू झाली होती, म्हणजे ओठ हलायला लागले होते.

त्या दिवशी मी मुंगीला 'आजी' म्हणायला लावत होते. सोपा शब्द, सासूबाई खूश होतील हा हिशोब. मी कागदाआडून 'आजी' म्हणायची, ती आजीचा फोटो उचलायची. मग तिची पाळी. ती तोंड उघडायची आणि हवा सोडायची. दहा वेळा झालं, वीस वेळा झालं. मी हट्टाला पेटले होते. एकविसाव्या वेळी मी कागद वर नेला आणि मुंगीने तो माझ्या हातातून ओढला, चुरगाळला, जमिनीवर फेकला आणि पाय आपटून, लालबुंद होऊन ओरडली:

"नको!"

स्पष्ट. न, को. दोन्ही.

मी तोंड उघडं टाकून बसले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून जाऊ धावत आली. हातात अर्धी सोललेली काकडी आणि सुरी. मुंगी ओरडली तेव्हा आमच्या आणि तिच्यामध्ये एक भिंत होती. ती आमच्याकडे बघत नव्हती. तिने काही वाचलं नव्हतं.

"कोण बोललं?" तिने विचारलं. "आत्ता कोण बोललं? तुझा आवाज मला माहीत आहे. हा तुझा नव्हता."

मी मुंगीकडे बोट दाखवलं.

जाऊ गुडघ्यांवर बसली. काकडी पुढे केली. "काकडी हवी?"

"नको!" मुंगी अजून रागातच होती.

"दूध?"

"नको!"

"बिस्किट?" जाऊचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "केळं? चमचा? बूट हवा? बाबा हवे? काय हवं माझ्या बाईला?"

"नको! नको! नको!" आता मुंगीलाही मजा यायला लागली होती. आपल्या एका शब्दाने मोठं माणूस रडतं आणि हसतं, हे तिला चांगलंच उमगलं होतं. दोघी जमिनीवर लोळत होत्या, घरभर 'नको' घुमत होतं, आणि असं सुख मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं आणि ऐकलं काहीच नव्हतं. मग माझ्याकडे वळून त्यांनी ओठांनी विचारलं, "कसा आहे?"

"थोडा घोगरा," मी म्हटलं. "जाडसर. शेवटाला वर चढतो."

"कुणासारखा?"

आवाजांची मला पारख आहे. तरी मी नीट ऐकलं, सगळ्यांच्या आवाजांशी लावून पाहिलं. "कुणासारखा नाही, आई. तिचा तिचाच आहे."

त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले तर सासूबाई माझ्याआधी रस्त्यावर. ठेवणीतली शाल, हातात पिशवी, केस चोपून बसवलेले.

"कुठे निघालात, आई?"

"त्या कानवाल्या बाई किती वाजता येतात?"

"दहा वाजता. आता सात वाजलेत."

"मग पहिला नंबर लागेल," असं म्हणून त्या चालायलाच लागल्या. मी धावत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले, त्यांना माझं तोंड दिसावं म्हणून, आणि विचारलं, "अहो, पण तुम्हाला तर कुणाचं ऐकायचं राहिलं नव्हतं ना?"

सासूबाईंनी मला हाताने बाजूला सारलं.

"नात माझी," त्या भर रस्त्यात ओरडून म्हणाल्या, "आणि तिचा आवाज कसा आहे ते मी तुला विचारायचं?"